लिहायचं काय, आणि कुणासाठी?



तुम्ही तरुणांसाठी मन मोकळं करण्याचं केंद्र सुरू करताय. इथे बसलेल्यांपैकी कुणी मानसशास्त्र शिकतंय, कुणी एमएसडब्ल्यू करतंय, बाकीचे स्वयंसेवक आहेत. मी समुपदेशक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोंदी ठेवायला एखादं अ‍ॅप करून द्याल का, असं तुम्ही मला विचारलंत. देईन. पण त्या अ‍ॅपच्या रकान्यांत काय भरायचं आणि काय नाही, हे मी ठरवू शकत नाही. ते तुम्हाला ठरवावं लागेल, आणि केंद्र उघडण्याआधी.

फिनलंडमध्ये 'वास्तामो' नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिच्या सुमारे ३३ हजार रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये ते जगाला कळलं. चोराने आधी कंपनीकडे ४० बिटकॉइन मागितले. ते मिळेनात, तेव्हा त्याने थेट रुग्णांना ईमेल धाडले: २०० युरो द्या, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला सांगितलेलं सगळं जाहीर करतो. कंपनी दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये त्या माणसाला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. पण ज्यांचं आयुष्य उघड्यावर आलं, त्यांना त्यातून काय परत मिळालं? बँकेचा पासवर्ड बदलता येतो. लग्नाबद्दल, वडिलांबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल सांगितलेली गोष्ट एकदा फुटली की परत घेता येत नाही.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: जो डेटा गोळाच केला नाही, तो चोरीला जाऊ शकत नाही. मग काहीच लिहू नये का?

तसंही नाही. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्रसेनजीत पोद्दार नावाच्या भारतीय विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला सांगितलं, की तो एका मुलीला मारणार आहे. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना पत्र दिलं. पोलिसांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं. पुढे विभागप्रमुखांनी ते पत्र परत मागवलं आणि तज्ज्ञाच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या, असा फिर्यादीत आरोप होता. तातियाना तारासॉफ या मुलीला मात्र कुणीच सावध केलं नाही. त्या ऑक्टोबरात तिचा खून झाला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे.

म्हणजे एकीकडे जास्त लिहिलं आणि नीट सांभाळलं नाही म्हणून माणसं उघडी पडली. दुसरीकडे धोका माहीत असूनही ज्याला कळायला हवा होता त्याला कळला नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच: ही नोंद कुणाच्या कामाची?

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि अपवादही सांगतं, जसे की जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश. कलम २५ नुसार रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. हा कायदा प्रामुख्याने व्यावसायिकांसाठी आहे, पण स्वयंसेवकांनी आपलं माप त्याहून लहान का ठेवावं? पॉक्सो कायदा मात्र सर्वांनाच लागू आहे. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून 'इथलं काहीही बाहेर जाणार नाही' असं वचन देऊ नका. कुठली गोष्ट आपल्यापाशी राहील आणि कुठली राहू शकणार नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगा. नंतर सांगितलं तर तो दगा वाटतो.

आता प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल.

पहिलं, शेरा लिहू नका, ऐकलेलं लिहा. 'मुलगी हट्टी आहे, घरच्यांचं ऐकत नाही' हा शेरा झाला. 'तीन आठवडे नीट झोप नाही, स्थळाचा विषय निघाला की छातीत धडधडतं असं म्हणाली' ही नोंद झाली. लिहून झालं की स्वतःला विचारा: हे तिने वाचलं तर ती पुन्हा आपल्याकडे येईल का?

दुसरं, अवघड निर्णय घेतलात तर त्याचं कारण लिहा. काय माहीत होतं, कोणते पर्याय होते, कुणा वरिष्ठाचा सल्ला घेतला, हाच पर्याय का निवडला, पुन्हा कधी तपासणार. पाच ओळी पुरतात. आम्हीही कोड बदलताना कारण लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी ती जागा दुसराच कुणी सांभाळत असतो आणि त्याला आमच्या मनातलं वाचता येत नाही. तुमच्याकडेही स्वयंसेवक बदलतील.

तिसरं, नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. 'मोमिनपुऱ्यातली, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला, वडील रिक्षा चालवतात' एवढं वाचून मोहल्ल्यात तिचं घर सापडतं. आणि आपल्याकडे गोष्ट फुटायला हॅकर लागत नाही. 'एका बहिणीसाठी दुआ करा' म्हणून ग्रुपवर टाकलेला चांगल्या मनाचा मेसेज पुरतो. संध्याकाळपर्यंत तो तिच्या खालाच्या मोबाइलवर असतो आणि ठरत आलेलं स्थळ मोडतं. दुआ नाव न घेता, तपशील न सांगताही करता येते.

म्हणून केस व्हॉट्सअ‍ॅपवर नको, सगळ्यांना उघडणारी शीट नको. नाव-नंबर एकीकडे, नोंद दुसरीकडे. दोन्ही उघडण्याचा अधिकार फक्त दोघांना. नोंद कधी पुसायची, ती तारीख पहिल्याच दिवशी ठरवा. आणि कुणी जीव देण्याबद्दल बोललं तर ते एकट्याने मनात ठेवून घरी जाऊ नका. लगेच वरिष्ठांना सांगा. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

अ‍ॅपला मला फार तर दोन आठवडे लागतील. त्याआधी मला तुमच्याकडून एक कागद हवाय: कोणते रकाने ठेवायचे, आणि प्रत्येकापुढे तो कशासाठी लागतो. ज्या रकान्यापुढे कारण नसेल, तो मी बनवणार नाही.