पहिलीच्या हातात टॅब?

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, ते दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. पण पहिली-दुसरीच्या मुलांचं काय? इथे पालकांमध्ये दोन मतं दिसतात. काही म्हणतात, चित्रं आणि आवाजामुळे अक्षरओळख सोपी होते, बुजरं मूलही चुकायला घाबरत नाही. इतरांना काळजी वाटते ती डोळ्यांची, बिघडणाऱ्या हस्ताक्षराची आणि घरी आल्यावर मोबाइलसाठी होणाऱ्या हट्टाची. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी, पहिलीच्याही आधीच्या पूर्वप्राथमिक वर्गांना दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटं सुचवली होती. तेव्हा पालकसभेत शाळेला विचारा: टॅब रोज किती वेळ, कशासाठी, आणि फुटला तर खर्च कुणाचा?