लिअर राजाची भाषा आणि आजचा वाचक

शेक्सपीअरच्या समग्र नाटकांचा एखादा जाड ग्रंथ पुष्कळ सुशिक्षित घरांच्या कपाटांत असतो. कोणीतरी कॉलेजांत असतांना तो विकत घेतलेला असतो, किंवा वक्तृत्वाचें बक्षीस म्हणून मिळालेला असतो. परीक्षेपुरतीं वाचलेलीं दोन नाटकें सोडलीं, तर बाकीचीं पानें बहुधा करकरीतच असतात. घरांतील तरुण मुलगा केव्हांतरी तो ग्रंथ उघडतो, चार पानें चाळतो आणि मिटून ठेवतो. त्याची तक्रार साधी आहे. भाषा चारशें वर्षांपूर्वींची, पानापानाला टीपा, आणि गोष्टी राजेरजवाड्यांच्या. आज हें कशासाठीं वाचावयाचें? ही तक्रार आळसाची म्हणून उडवून लावण्याची वडील मंडळींची रीत आहे. ती बरोबर नाहीं. तक्रारींत तथ्य आहे. तें किती आणि कोठें, एवढेंच पाहावयाचें आहे.

भाषेची अडचण खरी आहे, पण ती सामान्यतः समजतात तेथें नाहीं. अगदींच अनोळखी शब्द आला तर वाचक कोश उघडतो आणि पुढें जातो. फसवितात ते ओळखीचे शब्द. ‘प्रेझेंटली’ म्हणजे शेक्सपीअरच्या काळीं ‘ताबडतोब’. ‘नाइस’चा अर्थ पुष्कळ ठिकाणीं ‘क्षुल्लक’. ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कां’. म्हणून सज्जांत उभी असलेली जूलिएट ‘रोमिओ कोठें आहे’ असें विचारीत नसून, त्याचें नांव रोमिओच कां असावें, हें दुःख बोलून दाखवीत असते. शत्रूच्या घराण्याचें नांव हाच तर त्या प्रेमांतला कांटा आहे! विनोदाची स्थिति याहून वाईट. ‘रीझन’ आणि ‘रेझिन’, म्हणजे कारण आणि मनुका, या दोन शब्दांचा उच्चार तेव्हां जवळजवळ एकच होता. त्यावर फॉल्स्टाफनें केलेली कोटी आज टीपेवांचून कळत नाहीं, आणि टीप वाचून कोणी हंसत नाहीं. तेवढा भाग शिळा झाला असें मोकळेपणानें कबूल करावें.

परंतु हीं नाटकें मुळांत ऐकण्यासाठीं लिहिलेलीं होतीं. १५९९ मध्यें टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बांधलेल्या ग्लोब नाटकगृहांत एक पेनी देऊन अंगणांत उभे राहणारे लोक कांहीं पंडित नव्हते. त्या जागेजवळच १९९७ मध्यें तशाच धर्तीचें नाटकगृह पुन्हा उभें राहिलें असून, उभ्यानें नाटक पाहण्याची स्वस्त सोय तेथें आजही आहे. घरीं वाचणारानेंही एखादा प्रवेश मोठ्यानें वाचून पाहावा. निम्म्या टीपांची गरज उरत नाहीं.

आणि एका बाबतींत तर मराठी वाचक आजच्या इंग्रज वाचकापेक्षां सुदैवी आहे. तेव्हांच्या इंग्रजींत एकाच माणसाला बोलावतांना ‘दाउ’ आणि ‘यू’ अशीं दोन सर्वनामें होतीं. पुढें ‘दाउ’ रोजच्या व्यवहारांतून गेलें, आणि लंडनमधील मुलाला हा भेद टीपेवरून शिकावा लागतो. ‘तूं’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर आईच्या मांडीवरच शिकलेल्या मराठी मुलाला तो सांगावा लागत नाहीं. हॅम्लेट आईच्या महालांत येतो तो प्रवेश पाहावा. राणी त्याला ‘दाउ’ म्हणून, आईच्या हक्कानें, दटावते कीं त्यानें आपल्या बापाला दुखविलें आहे. बाप म्हणजे अर्थात् तिचा नवा नवरा. हॅम्लेट जवळजवळ तेंच वाक्य तिच्यावर उलटवितो, पण त्याच्या बोलण्यांतला बाप हा मेलेला राजा असतो. तो तिला ‘यू’ म्हणतो, तें तेव्हांच्या रीतीला धरूनच होतें. मात्र यानंतरच्या उत्तरांत राणीही ‘दाउ’ सोडून ‘यू’वर येते. माय-लेकरांतला धागा तुटल्याचें सांगावयाला कवीनें एकही जादा शब्द खर्चिलेला नाहीं.

‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशांत याच्या उलट प्रकार आहे. म्हातारा राजा तीन मुलींत राज्य वाटावयास बसतो आणि तोंडपुजेपणा न करणाऱ्या धाकटीला कांहींही न देतां घालवून देतो. तेव्हां केंट हा एकनिष्ठ सरदार भर दरबारांत राजाला ‘म्हातारा’ म्हणतो आणि ‘दाउ’नें संबोधितो. एखाद्या मानकऱ्यानें सिंहासनावरील महाराजांना एकेरी हांक मारावी, तसा हा प्रसंग. केंटच्या पदरीं हद्दपारी येते. त्या एका सर्वनामांत त्याचें सारें धाडस आहे, आणि सारें प्रेमही.

पुढें काय होतें? शंभर स्वार आपल्याजवळ ठेवून दोन्ही मुलींकडे महिना महिना राहावें, असा लिअरचा बेत असतो. मुली शंभराचे पन्नास करतात, पन्नासाचे पंचवीस, आणि शेवटीं एक तरी कशाला हवा, असें विचारतात. राज्य आणि स्वार यांच्या जागीं राहता फ्लॅट, बँकेंतील ठेव आणि औषधपाण्याचा खर्च घातला, तर ही गोष्ट कोणत्याही शहरांतल्या कोणत्याही आळींत घडूं शकते. वि. वा. शिरवाडकरांनीं ‘नटसम्राट’ १९७० सालीं रंगभूमीवर आणलें. त्यांतील गणपतराव बेलवलकर जवळचें सारें मुलांना देऊन टाकतात आणि बेघर होतात, तें पाहून मराठी प्रेक्षकाला मूळ इंग्रजी राजाची आठवण करून द्यावी लागली नाहीं. भारतांत आईबापांच्या निर्वाहासाठीं २००७ मध्यें कायदा झाला. सांभाळाच्या अटीवर म्हाताऱ्यांनीं दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविण्याची सोय त्यांत मुद्दाम करावी लागली आहे. कायदा करणारांनीं लिअर वाचला होता कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा.

हें नाटक लोकांना अति लांबचें वाटलें असें कधीं झालें नाहीं. अति जवळचें वाटलें, असें मात्र झालें आहे. १६८१ मध्यें नेहम टेटनें त्याचा शेवट गोड केला, धाकट्या मुलीला जिवंत ठेवून तिचें लग्नही लावून दिलें. आणि तीच आवृत्ति सुमारें दीडशें वर्षें रंगभूमीवर चालली. डॉक्टर जॉन्सनसारख्या कणखर माणसाला मूळ शेवट पुन्हा वाचण्याचें धैर्य, नाटकाचें संपादन अंगावर येईपर्यंत झालें नाहीं. तिसरा जॉर्ज राजा अखेरच्या वर्षांत भ्रमिष्ट झाला, तेव्हां त्याच्या निधनापर्यंत, म्हणजे १८२० पर्यंत, लंडनच्या नाटकगृहांनीं लिअर दूरच ठेवला.

मग भाषाच बदलून टाकावी काय? १८८२ मध्यें टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढणाऱ्या आगरकरांनीं पुढील सालीं हॅम्लेटचें ‘विकारविलसित’ केलें, देवलांनीं ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. म्हणजे मराठी माणसाला हीं नाटकें त्याच्या त्याच्या काळच्या बोलींत मिळालीं, आणि इंग्रजाला मात्र जुन्याच बोलींत. अमेरिकेंतील ओरेगॉन शेक्सपीअर फेस्टिव्हल या संस्थेनें २०१५ मध्यें छत्तीस नाटककारांना एकोणचाळीस नाटकें आजच्या इंग्रजींत उतरविण्याचें काम दिलें, त्यावर मोठें वादळ उठलें. तें अनाठायीं होतें. नवी प्रत हातीं घेऊन कोणी जुन्या प्रतीकडे वळला तर नुकसान कोणाचें? फक्त केंटचें तें ‘दाउ’ आजच्या इंग्रजींत कशानें भरून काढावयाचें, याला उत्तर नाहीं.

‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील शायलॉकची हेटाळणी आजच्या वाचकाला खटकते, आणि खटकली पाहिजे. पण याही नाटकाचें पुढें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावरील तुरुंगांत सनी वेंकटरत्नम् या राजकीय कैद्याजवळ शेक्सपीअरचा समग्र ग्रंथ होता. पहारेकऱ्यांनीं तो काढून घेऊं नये म्हणून त्यानें पुठ्ठ्यावर देवादिकांचीं चित्रें असलेलीं दिवाळीचीं कार्डें चिकटविलीं आणि आपला धर्मग्रंथ म्हणून तो सांभाळला. सुटकेपूर्वीं त्यानें तो सोबत्यांत फिरविला. ज्याला जो उतारा आपला वाटला तेथें त्यानें सही करावी, असें ठरलें. तिसांहून अधिक कैद्यांनीं सह्या केल्या. नेल्सन मंडेला यांनीं १६ डिसेंबर १९७७ रोजीं ‘जूलिअस सीझर’मधील, मृत्यूच्या भयाविषयीं सीझर पत्नीशीं बोलतो त्या ओळींपाशीं आपलें नांव लिहिलें. वॉल्टर सिसुलू यांनीं पानें उलटून, वर्षानुवर्षें मुकाट्यानें सोसलेल्या अपमानाचा हिशेब शायलॉक मांडतो, तो उतारा निवडला.