तेरा की तीस? जर्मनमध्ये तारीख सांगताना

पाळीला निघाला असाल, नाहीतर विरार-डहाणू गाडीत लटकत असाल, तर इअरफोन नीट बसवा. आज जर्मन तारखा.

आधी माझा गाढवपणा. तारापूर एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून मी बोईसर स्टेशनच्या जिन्यावर होतो. जर्मनीतून फोन आला. ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे पगार देऊन कारखान्यातच शिकवतात ना, त्याची मुलाखत. बाई म्हणाल्या, ‘आम ड्रायत्सेन्टन यूनी.’ खाली गाडी सुटत होती, मी ऐकलं ‘ड्रायसिश्स्टन’. झालं. मुलाखत १३ जूनला आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून ३० जूनला लॅपटॉपसमोर. पलीकडे कुणीच नाही.

तर ऐका. जर्मनमध्ये ‘तेरा जून’ नाही म्हणत, ‘तेरावा जून’ म्हणतात. आपल्याला यात नवीन काय? चतुर्थी म्हणजे चौथीच की! लिहिताना १३ पुढे टिंब देतात, ते टिंब म्हणजेच हा ‘वा’. एकोणीसपर्यंत आकड्याला ‘टे’ लावायचं, विसापासून ‘स्टे’. पहिला ‘एर्स्टे’, तिसरा ‘ड्रिटे’, सातवा ‘झीप्टे’ आणि आठवा ‘आख्टे’, हे चार तेवढे पाठच करा.

आणि ‘अमुक तारखेला’ म्हणायचं तर पुढे ‘आम’, शेवटी ‘न’. आपण नाही का, ‘पहिला’चं ‘पहिल्या’ करतो, पहिल्या दिवशी? तसंच एर्स्टेचं एर्स्टन. आपला पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला: ‘आम एर्स्टन आउगुस्ट त्स्वायटाउझेन्टफिर्त्सेन’. साल बघा, दोन-हजार-चौदा, अगदी आपल्यासारखं! तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९चं. तिथेही ते एकोणीसशेच म्हणतात, पुढे नऊ-आणि-साठ. (आपलं ‘एकोणसत्तर’ त्यांना समजावायला जाऊ नका, दिवस जाईल.) एकवीससुद्धा एक-आणि-वीस. इंग्रजीतून विचार करणारेच इथे अडखळतात, म्हणून माझं ऐका, मराठीतून शिका.

आता माझी चूक. फोनवर ‘स्ट’ ऐकू आला की तारीख विसाच्या पुढची, नुसता ‘ट’ असेल तर आतली. एक आणि सहा सोडून, त्यांच्यात ‘स्ट’ असतोच. महिनाही कधी आकड्याने सांगतात: ‘आम ड्रायत्सेन्टन झेक्स्टन’, तेराव्या सहाव्याला. जून-जुलैचा घोळ होऊ नये म्हणून जर्मन माणसंच फोनवर ‘यूनो’ आणि ‘यूलाय’ म्हणतात. म्हणजे गोंधळ त्यांचाही होतो, बरं का.

मी माफीचा मेल टाकला. आठवडाभर काही नाही. घरी विचारायचे, मी विषय बदलायचो. मग परवा त्याच बाईंचा फोन आला, या वेळी मी जिना सोडून बाहेर रिक्षा स्टँडच्या मागे पळालो. ‘आम आइनउन्टत्स्वान्त्सिश्स्टन यूली.’ मी तारीख परत म्हणून दाखवली आणि विचारलं, ‘वेल्शर वॉखनटाक?’ कुठला वार? त्या म्हणाल्या, ‘मिटवॉख.’ मोबाईलवर कॅलेंडर उघडलं. २१ जुलै, बुधवार.