रूबेच्या दगडी वाटेवर कोण बाजी मारेल?

उत्तर फ्रान्समधली पॅरिस–रूबे ही एका दिवसाची सायकल शर्यत सुमारे 260 किलोमीटरची. त्यातले 50हून अधिक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसबंदीचे. इथे विजेता हेरायचा तर आधी वजनदार, ताकदीचा गडी पाहावा. हादऱ्यांत त्याची सायकल जमिनीला धरून राहते. टायर रुंद, हवा कमी. शर्यतीतल्या आरेनबर्गच्या दगडी जंगलवाटेत शिरताना पुढे असणं, हा खरा डाव. मागे राहिलं की दुसऱ्याचं पडणंही भोवतं. 2023 ते 2025 सलग तीन वर्षं माथ्यू व्हान डर पूल जिंकला. मात्र 2025मध्ये डोंगरवाटांचा राजा तादेय पोगाचार पहिल्यांदाच उतरला, वळणावर पडला आणि तरीही दुसरा आला! घाटातल्या स्वारांना आता मोडीत काढता येणार नाही. विजेत्याला करंडक म्हणून फरसबंदीचा दगडच मिळतो.