दत्तक नाही, तरीही घर

फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालकत्व. दत्तक न घेता मुलाला काही काळ आपल्या घरात वाढवायचं. नाशिककरांनी चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. मूल सोपवण्याचा निर्णय बाल कल्याण समितीचा. आधी घरची पाहणी होते: मूल झोपणार कुठे, शाळा किती लांब, घरातली आजी राजी आहे का? हे विचारायलाच हवं! २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच सोपवतात. दोन वर्षं नीट जुळलं, तर दत्तकाचाही मार्ग खुला होतो. सहा वर्षांवरच्या मुलांना दत्तक पालक क्वचितच मिळतात. घरात जागा असेल, तर त्यांचा विचार जरूर करा.