हाकेसाठी घेतलेला पैसा

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. मोबाइलच्या बिलावरील एक लहानसा आकार, आणि तोही अमेरिकेतला! परंतु आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, नातवंडे न्यू जर्सीत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या प्रत्येक फोनमागे दरमहा ९० सेंट आकारले जातात, ते २००४ सालापासून. संकटात ९११ हा क्रमांक फिरवला तर पलीकडे उत्तर देणारे कोणी असावे, यासाठी हा पैसा घेतला जातो. तो ज्या निधीत जमा होतो, त्याच्या नावातच ‘ट्रस्ट’ हा शब्द आहे.

९११ या क्रमांकावरील पहिला दूरध्वनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीविल या लहानशा गावी झाला. पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांसाठी एकच क्रमांक, ही त्यामागची कल्पना. तारेचा दूरध्वनी एका घराशी बांधलेला असे. क्रमांकावरून पत्ता शोधता येई. या सेवेचा खर्चही बहुतेक ठिकाणी त्याच दूरध्वनीच्या बिलातून निघे. मोबाइल आला आणि दोन्ही गोष्टी विस्कटल्या. हाक मारणारा कोठे आहे हे कळेना, आणि लोक घरचा दूरध्वनी काढून टाकू लागल्याने उत्पन्नही आटू लागले. फोन करणाऱ्याचे ठिकाण कळवण्याचे बंधन तेथील संघराज्य दूरसंचार आयोगाने १९९६ साली कंपन्यांवर घातले. मात्र ती माहिती स्वीकारणारी यंत्रसामग्री, नकाशे आणि चोवीस तास जागी असणारी प्रशिक्षित माणसे यांचा भार स्थानिक शासनांवरच राहिला.

म्हणून मोबाइलवर आकार आला. त्यात एकवाक्यता मुळीच नाही. टेक्सासमध्ये महिन्याला ५० सेंट, तर शिकागो शहरात २०१८ साली ५ डॉलर! मिसुरी राज्याने तर २०१८ पर्यंत मोबाइलवर असा आकार बसवलाच नव्हता. ज्यांना मासिक बिलच येत नाही, त्या प्रीपेड ग्राहकांकडून तो दुकानातच वसूल करण्याची युक्ती निघाली. कोट्यधीश आणि मोलकरीण दोघांनी सारखेच सेंट द्यायचे, हे मला व्यक्तिशः रुचत नाही. पण निदान तो पैसा ठरल्या कामी लागला, तर मोलकरणीलाही त्याचे मोल मिळते.

तो लागला का? अमेरिकी काँग्रेसने २००८ साली कायदा करून दूरसंचार आयोगाला दरवर्षी राज्यांचा हिशेब मांडण्यास सांगितले. त्यातून जे बाहेर आले ते विलक्षण होते. २०१२ ते २०१८ या काळात राज्यांनी या आकाराचे सव्वा अब्जाहून अधिक डॉलर्स अन्यत्र वळवले. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांची नावे त्या अहवालांत पुनःपुन्हा येतात. न्यू जर्सीतील निधीचा मोठा हिस्सा राज्य पोलीस आदी खात्यांकडे गेला, आणि प्रत्यक्ष फोन उचलणारी स्थानिक केंद्रे बव्हंशी नगरांच्या व जिल्ह्यांच्या तिजोरीवर चालत राहिली. तेथील राज्यकर्ते म्हणणार, पोलीसही संकटातच धावून येतात ना? युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु पोलिसांसाठी सर्वसाधारण कर आहेत. हा पैसा फोन उचलणाऱ्यासाठी म्हणून मागितला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आकार लहान असल्यानेच तो वळवणे सोपे जाते. नव्वद सेंटांसाठी कोणी मोर्चा काढत नाही! वार्षिक अहवालात नाव छापून येण्याची नामुष्की काही राज्यांना पुरेशी वाटली, काहींना नाही. म्हणून २०२१ साली आयोगाला या पैशाचा योग्य विनियोग कोणता, याचे नियमच करावे लागले.

आता आपल्याकडे वळू. ११२ या एकात्मिक क्रमांकासाठी आपण मोबाइलवर वेगळा आकार बसवला नाही. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, २०१३ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी स्थापन झाला. ११२ ची उभारणी त्यातून झाली. २०१८ साली हिमाचल प्रदेशात तिचा आरंभ झाला. मात्र दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी घेतलेल्या सार्वत्रिक सेवा निधीचा अनुभव आपल्याही गाठीशी आहे. २००२ पासून जमा होणाऱ्या त्या रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षे विनावापर राहिला. आता २०२४ पासून त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले आहे.

उद्या ११२ साठी मोबाइलवर दोन रुपये द्या, असे कोणी म्हणाले, तर मी आनंदाने देईन. पण किती जमा झाले, कोणत्या नियंत्रण कक्षाला किती मिळाले आणि फोन उचलायला किती सेकंद लागले, हे दरवर्षी छापून यायला हवे. त्यासाठी आकाराची वाट पाहण्याचेही कारण नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आपापल्या जिल्ह्याच्या कक्षाबद्दल हे प्रश्न याच महिन्यात विचारता येतील.