मडगार्डची कड मुडपताना

गाडीला रुंद टायर बसवले किंवा स्प्रिंग बदलून ती खाली आणली, की खड्ड्यात चाक वर उचलले जाते आणि मडगार्डच्या आतली पत्र्याची कड टायरला घासू लागते. ही कड साधारण सेंटिमीटरभर रुंद असते. ती आत मुडपली की तेवढीच जागा मिळते, जास्त नाही. त्यामुळे मुळात टायरच चुकीच्या मापाचे असतील, तर कंपनीने सांगितलेले माप परत लावणे हाच सरळ मार्ग. मात्र घासणे खरोखर कडेपुरतेच असेल, तर हे काम घरी करता येते आणि रंगही वाचवता येतो. रंग उडतो तो बहुतेक वेळा थंड पत्र्यावर घाई केल्यामुळे. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटरच्या आसपास भरते. पत्रा वाकताना हा पापुद्रा ताणला जातो. थंड असेल तर तडकतो, गरम असेल तर थोडा नमतो. म्हणून हीट गन एका जागी न धरता फिरती ठेवावी आणि कड 60 अंश सेल्सिअसच्या आसपास आणावी. बुडबुडे दिसू लागले, तर उष्णता फार झाली.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, भक्कम स्टँडवर घ्यावी. चाक, आतले प्लास्टिकचे अस्तर आणि कडेतले स्क्रू काढून कड मुडपण्याचा रोलर हबला बसवावा. तो कडेला जेमतेम टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा, मग किंचित आवळावा, पुन्हा ऊब द्यावी, पुन्हा फिरवावा. काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, टायर आणि पत्र्याच्या मध्ये बॅट घालून गाडी पुढेमागे ढकलली की झाले. त्यात पैसे वाचतात हे खरे, पण सगळा दाब एका ठिपक्यावर येतो, पत्रा बाहेर फुगतो आणि ती लाट नंतर डेंटरलाच काढावी लागते. शिवाय आधी पुट्टी भरलेल्या मडगार्डला ना रोलर वाचवतो, ना हीट गन. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक कडेजवळ फिरवून पाहावे. जिथे ते नीट चिकटत नाही, तिथे पुट्टी असण्याची शक्यता दाट, आणि मग हात न लावणेच बरे.

‘बाहेरून रंग शाबूत आहे, मग काळजी कसली?’ हा दुसरा आक्षेप मला जास्त घातक वाटतो. मागच्या चाकावर बहुतेक गाड्यांत दोन पत्रे कडेपाशी वेल्डिंगने जोडलेले असतात आणि त्यांच्या सांध्यात सीलंट भरलेले असते. कड मुडपताना ते सीलंट फाटू शकते. बाहेर चकाकी तशीच राहते आणि आत चिखलपाणी साचून गंज धरतो. कोकणातल्या पावसात तर याला वेळ लागत नाही. तेव्हा काम झाले की आतली बाजू टॉर्च लावून पाहावी, तडे स्वच्छ करून गंजरोधक प्रायमर लावावा, सांध्यात नवे सीलंट भरावे आणि ते पूर्ण वाळेपर्यंत गाडी ओल्या रस्त्यावर काढू नये.